वृद्धाश्रमात जेवण मिळते, डॉक्टर कोणत्या वारी येतात?

वाढदिवस असो, घरच्या कोणाचा स्मृतिदिन असो, आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्या दिवशी वृद्धाश्रमात एक वेळचे जेवण देतात. आम्हीही देतो. रीत चांगली आहे. पण मांजलपूर शहरात ओढले गेले, शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, मुले दूरगावी गेली आणि ओळखीची म्हातारी माणसे एकेक करून आश्रमात जाऊ लागली, तेव्हापासून तिथे जे पाहिले त्यावरून आमचे मत झाले आहे की, त्यांना श्रीखंडापेक्षा ठरल्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरची आणि रात्रपाळीच्या नर्सची गरज अधिक आहे. श्रीखंड तर मधुमेहामुळे कित्येकांना चालतही नाही!

बहुतेक ठिकाणी डॉक्टरला बोलावतात ते ताप चढल्यावर किंवा कोणी पडल्यावर. शेतकऱ्याला हे पटू नये. बैलाने चारा टाकला की आपण त्याच दिवशी चौकशी करतो, तो खाली बसेपर्यंत थांबत नाही. म्हातारपणी माणसाचेही तसेच आहे. न्यूमोनिया झाला किंवा लघवीत जंतू झाले तरी पुष्कळदा ताप येत नाही. माणूस जेवण टाकतो, भलतेच बोलू लागतो, दिवसभर पडून राहतो. ‘वय झाले’ म्हणून सारे गप्प बसतात आणि चार दिवसांनी रिक्षा शोधत हॉस्पिटल गाठावे लागते. तहानही कमी लागते. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी मागण्याची वाट न पाहता पेला हातात द्यावा लागतो. डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल त्यांचे मात्र वेगळे.

गोळ्यांचे तर विचारूच नका. एका आजींची पिशवी उघडली, तर तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्तदाबाचे एकच औषध दोन नावांनी आणि वर झोपेची गोळी. आजी दिवसा पेंगत होत्या, दोनदा पडल्याही होत्या. एका डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कुठे घोळ कळला. अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली नर्सिंग होममधील वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच केली. तीत डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या होत्या. मात्र अशी गोळी मनानेच एकदम बंद करू नये, तेही धोक्याचे असते.

लंडनमध्ये १९३५ साली डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे सातशेवर दीर्घकाळ आजारी रुग्ण सोपवले गेले. त्यांनी एकेकाला नीट तपासले, अंथरुणातून उठवले, चालवले. ज्यांची आशा सुटली होती त्यांतले पुष्कळ जण हिंडूफिरू लागले, काही घरी गेले. आपल्या देशात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली मद्रासच्या सरकारी हॉस्पिटलात वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. म्हणजे ही विद्या नवी नाही, आश्रमाच्या दारापर्यंत पोचायची राहिली आहे.

२००७ च्या कायद्याने वृद्धाश्रमांत वैद्यकीय सेवेचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचारही मिळतो. पण कार्ड उपयोगी पडते ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीच्या जखमा बहुधा टळतात. त्यासाठी जागणाऱ्या बाईचा पगार कार्डातून निघत नाही.

तो आपण काढावा असे आम्हांस वाटते. एका जेवणावळीच्या खर्चात डॉक्टरच्या काही फेऱ्यांची फी सहज निघेल. प्रत्येकाच्या नावाची एक वही ठेवावी: वजन, औषधे, कधी पडले, जेवण किती. या महिन्यात ज्यांच्या घरी वाढदिवस आहे त्यांनी जेवणाचा दिवस ठरवताना व्यवस्थापकांना विचारावे, ‘तुमच्याकडे डॉक्टर कोणत्या वारी येतात?’ वार ठरलेला नसेल, तर जेवणाचे पैसे त्यासाठी देऊ करावेत.