जादा दोन टक्क्यांचे मोल

निवृत्तीच्या वेळी हाती आलेले लाख-दोन लाख रुपये कोठे ठेवावेत, असा प्रश्न पडला की शिक्षक असो वा कारकून, प्रथम विचारतो तो व्याजाचा दर. गावातील पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के अधिक देऊ करते. संचालक ओळखीचे, एखादा तर आपलाच विद्यार्थी! पण लाखावर हे जादा उत्पन्न वर्षाला अवघे दोन हजारांचे, आणि त्यासाठी पणाला लागते ते सारे मुद्दल. बँकेतील ठेवींना १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा व्याज धरून पाच लाखांची झाली. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा नाही. ‘सहकारी’ हा शब्द मात्र दोहोंच्या पाटीवर असतो, आणि फसगत होते ती तेथेच.

अर्थात विमा म्हणजे हातातील रोकड नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. २०२१ च्या कायदादुरुस्तीने अशा प्रसंगी विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. तेवढ्या दिवसांच्या घरखर्चाचे व औषधपाण्याचे पैसे पोस्टाच्या बचत खात्यात निराळे ठेवावेत.