भांड्यावरचं नाव

प्रत्येक स्वयंपाकघरात असं एक तरी पातेलं असतंच. काठाला पोचा आलेला, तळ जरासा फुगलेला. ओट्यावर ठेवलं की आधी दोनदा डुगडुगणार आणि मग कुठे स्थिर होणार. त्याचं झाकण कधीच हरवलेलं, म्हणून वर ताटली झाकायची. दूध तापवायला ठेवलं आणि जरा नजर हटली, की मधोमध लागलंच म्हणून समजा! नवी सून घरात आली की तिची पहिली नजर नेमकी यावरच जाते. “आई, हे मोडीत देऊन टाकू या ना?” आणि एरवी सगळ्याला हो म्हणणाऱ्या सासूबाई इथे मात्र म्हणतात, “असू दे गं, असू दे. तुला काय त्रास देतंय ते?” की पातेलं पुन्हा मांडणीवर!

मैत्रिणींनो, या “असू दे”मध्ये काय असतं, याचा कधी विचार केलाय?

हाताला सवय झालेली असते, हे तर आहेच. पोच्यापर्यंत पाणी घेतलं की बरोबर चार कप चहा होतो, हे माप कुठल्या नव्या भांड्याला येणार? पातळ स्टीलमध्ये उष्णता पितळेसारखी भराभर पसरत नाही. ज्योत जिथे लागते तिथेच ते तापतं, म्हणून दूध मध्येच करपतं. हे ज्या बाईला ठाऊक असतं ती गॅस बारीक करून, डाव हलवत उभी राहते. भांड्याचे दोष माहीत झाले की ते आपलं होतं. माणसांचंही तसंच असतं म्हणा, पण तो विषय आज नको.

खरी गोष्ट वेगळीच आहे. ते पातेलं जरा उजेडात धरा आणि काठाच्या खाली काय कोरलंय ते वाचा.

पूर्वी छिन्नीने ठोकून, टिंबाटिंबांची अक्षरं काढून भांड्यावर नाव घालत. नंतर दुकानात विजेवरचं छोटं यंत्र आलं. कर्रकर्र आवाज करत दुकानदार दोन मिनिटांत नाव घालून द्यायचा. “चि. सौ. कां. अमुक हिस लग्नाप्रीत्यर्थ, आत्याकडून”, खाली तारीख. यामागे व्यवहार होता. कार्य निघालं की गल्लीतली सगळी पातेली, पराती, घागरी एकाच मांडवात जायच्या. परत येताना आपली कोणती, ते नावावरूनच ओळखायचं. स्टीलचं एक बरं आहे. त्यातल्या क्रोमियममुळे ओरखडा उठला तरी तिथे गंज धरत नाही. म्हणून तीस-चाळीस वर्षं घासूनही नाव वाचता येतं. पितळेची भांडी मात्र कल्हईचा खर्च नको म्हणून घरोघरी मोडीत गेली, आणि त्यांच्यावरची आज्या-पणज्यांची नावंही वजनावर विकली गेली.

माझ्याकडे आत्याने दिलेलं असंच एक पातेलं आहे. त्यावर माझं माहेरचं नाव आहे. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. तांदूळ संध्याकाळी डब्यात गेले, नाव मात्र राहिलं. रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे तेच. या घरात माझं पहिलं नाव जर कुठे असेल, तर ते त्या पोचे आलेल्या पातेल्यावर.

आता तुम्ही तुमच्या मांडणीवरची इतर भांडी पाहा. बहुतेकांवर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावाची आद्याक्षरं सापडतील. दिवसातून तीनदा घासायची आपण आणि नाव त्यांचं! हसू येतं खरं, पण हसून सोडून देण्यासारखं हे नाही. का, ते सांगते.

महिला मंडळाच्या कामात कधी कधी एखाद्या मुलीला सासरहून परत आणायची वेळ येते. मारहाण झालेली असते, लेकरू काखेत असतं. पंच बसतात, चार मोठी माणसं जमतात. मुलगी म्हणते, “माझं सामान द्या.” की लगेच कुणीतरी म्हणतं, “संसार मोडायला निघालीस आणि भांड्याकुंड्यांसाठी काय भांडतेस?” अशाच एका बैठकीत एक मुलगी कळशीसाठी अडून बसली होती. कळशी चेपलेली, दुकानात कुणी फुकट घेतली नसती. पण तिच्यावर तिच्या आईने स्वतःच्या मजुरीच्या पैशांतून मुलीचं नाव घालून घेतलं होतं. त्या दिवशी ज्या भांड्यांवर नाव होतं तेवढीच तिच्या टेम्पोत चढली. कपाट, पलंग, शिलाई मशीन सगळं “आमचंच आहे” या एका वाक्यावर तिथेच राहिलं. मशीनवर कोण नाव घालतं?

वास्तविक कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर बाईला माहेरून, सासरहून, मैत्रिणींकडून जे भेट म्हणून मिळतं ते तिचं स्त्रीधन. ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या ताब्यात ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. मागूनही परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नसते, हे २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. पण अमुक वस्तू माझी, हे दाखवायचं कशावरून? सगळं घोडं तिथेच अडतं.

त्याचीही सोय आहे. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ सालीच नियम झाले, की लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी. वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, दिली कोणी, नातं काय, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. बघा, भांड्यावर नाव घालताना आपल्या आया-आत्या यातलं निम्मं काम करतच होत्या की! कोणी दिलं, कोणाला दिलं, कशासाठी आणि कधी, सगळं काठावर कोरलेलं.

ही यादी करा म्हटलं की मुलीकडचेच कानावर हात ठेवतात. “शुभकार्यात असलं अभद्र कशाला? त्यांना काय वाटेल?” आणि त्याच मांडवात, मागच्या टेबलावर, एक काका चष्मा लावून आहेराची वही लिहीत बसलेले असतात. कोणी एकशे एक दिले, कोणी पातळ आणलं, कोणी नुसतंच जेवून गेलं, सगळं त्या वहीत! पुढे उलटा आहेर करायचा म्हणून ती वही वीस-वीस वर्षं जपून ठेवतात. ती अभद्र नाही, मग मुलीच्या वस्तूंची दोन पानं कशी अभद्र होतील? हुंडा द्यायचाच नाही, ती गोष्ट वेगळी. पण प्रेमाने जे दिलं ते लिहून, सह्या घेऊन, एक प्रत मुलीच्या आईकडे राहू द्या. दागिन्यांच्या पावत्याही मुलीच्या नावाने करा, वडिलांच्या नको.

नाव घालायच्या जागा आता वाढल्यात, हेही लक्षात असू द्या. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव घातलं होतं. राज्यात बाईच्या नावाने घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. घराचं बोलणं चाललं असेल तेव्हा चहा ठेवायला आत जाण्याआधी एवढं वाक्य तिथे टाकून जा. सवलत म्हटली की पुरुष मंडळी कान देतात, हा माझा अनुभव आहे!

अलीकडे दुकानदार सांगतात की नाव घालून मागणारं गिऱ्हाईक कमी झालं. नाव घातलं की वस्तू बदलून मिळत नाही आणि पुढे कुणाला आहेरातही देता येत नाही. आमच्या गल्लीतल्या बचत गटाने मात्र कार्याला भाड्याने द्यायला मोठी पातेली घेतली, तेव्हा सगळ्याजणी मिळून दुकानात गेल्या. दुकानदाराने सवयीने विचारलं, “कोणत्या साहेबांचं नाव घालू?” सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग गटाचं नाव, आणि खाली बाराजणींची आद्याक्षरं घालून घेतली. यंत्र चांगलं तासभर कर्रकर्र करत होतं. त्यातलं एक पातेलं पहिल्याच बारशाहून काठाला पोचा घेऊन परत आलं. दंड किती लावायचा, यावर अजून चर्चा चालू आहे.