छत्तिसाव्या दिवशी जायचे कुठे?

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, शपथ. दुसरी, शपथ टिकली नाही तर केंद्रात भरती. केंद्रातून माणूस घरी आला की सगळे हुश्श करतात आणि विषय बंद होतो. चुडावा आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या आम्ही काही जणी आहोत. त्यातल्या दोघी-तिघींनी उमेदीची वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काढली. आमचा प्रश्न साधा आहे. परत आलेला माणूस त्या रात्री झोपतो कुठे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता बसतो कोणाजवळ?

औषधाचा भाग महत्त्वाचा आहे, पण तो थोड्या दिवसांचा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो. हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे समोर येऊन बोलतात. वस्तीतले लोक याला ‘बाहेरचे’ समजतात. यात जीव जाऊ शकतो, म्हणून हे दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायचे असतात. तिथे थरकाप आणि फिट आवरणारी औषधे मिळतात, बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन मिळते. (खोलीत कोंडून दारू सोडवणाऱ्यांनी आणि भाजीत गुपचूप गोळी कालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ती गोळी पोटात असताना माणूस प्याला तर त्याच्या जिवावर बेतू शकते.) साधारण आठ-दहा दिवसांत शरीर सावरते. पण झोप न लागणे, चिडचिड, कशात मन न रमणे आणि दिवेलागणीला उठणारी तलफ पुढे कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने छळते. त्या काळासाठी सलाइन नाही, इंजेक्शन नाही. त्या काळाला माणसे लागतात आणि छप्पर लागते.

महाराष्ट्रात हे ज्यांनी आधी ओळखले त्यांत पुण्याचे मुक्तांगण आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू झाले. डॉ. अनिता अवचट तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पाच आठवड्यांचा, म्हणजे ३५ दिवसांचा मुक्काम ही पद्धत तिथे रुजली. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. जो स्वतः थरथरला, तोच नव्याने आलेल्याच्या खाटेशी बसला. उपचारानंतर पाठपुराव्याला बोलावणे आणि बायकांसाठी वेगळा गट घेणे हेही त्यांनी सुरुवातीपासून मोलाचे मानले. पण पुणे आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. ३५ दिवस पूर्ण झाले की छत्तिसाव्या दिवशी माणूस इकडे येतो.

येतो म्हणजे कसा? चुडाव्याच्या स्टेशनवर उतरतो. हातात पिशवी, अंगावर धुतलेला शर्ट, तोंडावर थोडे तेज. स्टेशनवरून वस्तीत पोहोचेपर्यंत जुने चार दोस्त भेटतात. ते काही दुष्ट नसतात. बरेच दिवस दिसला नाहीस म्हणून प्रेमाने विचारतात आणि प्रेमानेच बसायला बोलावतात. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. त्याच खोलीत पिणारा बाप किंवा भाऊ. बायको लेकरे घेऊन माहेरी गेलेली असते, नाहीतर गप्प बसून त्याच्याकडे पाहत असते. दुकानदाराची उधारी तशीच असते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे तर फडावर संध्याकाळी अंगदुखीवरचे औषध म्हणून बाटलीच फिरते. महिनाभर ज्याला सकाळी व्यायाम, दुपारी गटचर्चा, रात्री वेळेवर जेवण अशी शिस्त लागली, त्याच्या हातात आता पूर्ण रिकामा दिवस येतो. मग तो घसरला की लोक म्हणतात, पैसे वाया गेले, याच्या रक्तातच आहे.

हे ‘रक्तातच आहे’ वाक्य आम्हाला सहन होत नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांबद्दल हेच बोलले गेले आणि बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले ते बोर्डिंग काढून. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. खेड्यातले पोर हुशार होतेच. पण घरात कंदील नव्हता, जागा नव्हती, अभ्यासाला बसणारा दुसरा कोणी नव्हता. त्याला त्या घरातून उचलून चार वर्षे दुसऱ्या छपराखाली, त्याच्यासारख्याच पोरांत ठेवले आणि ते शिकले. या मासिकाच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरात बोर्डिंगला राहून शिकलेला कोणी ना कोणी असेल. शिकणाऱ्या पोराला जे लागते ते दारू सोडणाऱ्या माणसालाही लागते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

असे घर चालते का? अमेरिकेत चालले आहे. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यात सरकारी पैशावर चालणारे एक निवासघर बंद पडणार होते. तिथे राहणाऱ्या, दारू सोडलेल्या माणसांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतले. त्याला ऑक्सफर्ड हाऊस म्हणतात. व्यवस्थापक नाही, वॉर्डन नाही. भाडे सगळ्यांनी वाटून भरायचे, खजिनदार आपल्यातूनच निवडायचा, आठवड्याला बैठक घ्यायची आणि घरात नशा केली तर बाहेर पडायचे. किती दिवस राहावे याला मर्यादा नाही. आज तिकडे अशी तीन हजारांहून जास्त घरे आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार संपवलेल्या १५० जणांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून अशा घरांत पाठवले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे सोडून दिले. दोन वर्षांनी घरांत गेलेल्यांपैकी शंभरात ३१ जण पुन्हा नशा करत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरात ६५ होते. गोळी तीच, समुपदेशन तेच. फरक होता तो राहण्याच्या जागेचा आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा. आपल्या बायकांना यात नवे काही वाटू नये. बचत गटाचे रजिस्टर ज्यांनी दहा-दहा वर्षे चोख ठेवले, त्यांना पाच माणसांच्या भाड्याचा हिशेब शिकवायला अमेरिका कशाला हवी?

कायदाही आपल्या बाजूला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ याच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या अतिवापराशी जोडलेले मानसिक आजार येतात. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये सरकारने द्यायच्या सेवांत उपचारानंतरची निवासघरे आणि आधारासह राहण्याची सोय मोजली आहे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. म्हणजे हे घर मागणे ही भीक नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या फक्त एकाला काही ना काही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. त्या एकालाही आपण छत्तिसाव्या दिवशी रस्त्यावर सोडत असू, तर उरलेल्या १७९ जणांना केंद्रात जा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता आपल्या घरातले बोलू. दलित वस्तीच्या निधीतून गावोगाव समाजमंदिरे झाली. त्यातली किती जयंती सोडून उघडतात, हे ज्याचे त्याने आठवावे. विहार मात्र वर्षावासात गजबजतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. नेमकी तीच वेळ, जेव्हा सुटलेल्या माणसाला तलफ उठते, आणि नेमके तेवढेच पहिले महिने, जे सगळ्यात धोक्याचे असतात. पण तो माणूस तिथे येत नाही. का? एकदा भर सभेत दारू सोडल्याची शपथ घेतली, आठ दिवसांत मोडली, आता लोकांना तोंड कसे दाखवू. आमचे विहार समित्यांना सांगणे आहे की ही लाज आपण तयार केलेली आहे. आपण पाचवे शील दर वंदनेला पुन्हा घेतो. एकदा घेऊन पुरत असते तर पुन्हा कशाला घेतले असते? त्या पाली शब्दाचा अर्थच शिकण्याचा नियम असा आहे. शिकणारा चुकतो, पुन्हा बसतो. मग दारूच्या माणसाला मात्र पहिल्याच चुकीला वर्गाबाहेर का?

विरोध होतो तो आम्हाला माहीत आहे. ‘दारूड्यांना गोळा करून वस्तीत ठेवायचे का?’ ते वस्तीतच आहेत, दादा. फक्त आज ते गटारीच्या कडेला किंवा बायकोच्या उरावर आहेत. दुसरा आक्षेप वयस्कर बायका घेतात. नवरा बरा होऊन आला, बायकोने समजून घेतले पाहिजे, त्याला दुसऱ्या घराची काय गरज? हे ऐकले की आमच्यातल्या सगळ्यात शांत बाईचाही आवाज चढतो. पंधरा वर्षे मार खाल्लेली बाई छत्तिसाव्या दिवसापासून नवऱ्याची नर्स, पहारेकरी आणि तिजोरी कशी होईल? त्याच्या खिशाचा वास घ्यायचा, मजुरी मोजायची, रात्री तो वेळेत आला नाही म्हणून जागायचे, आणि तो घसरला की सासूकडून ऐकायचे की तुझ्या बोलण्यानेच तो प्याला. त्याने सहा महिने दुसरीकडे राहून, कमावून, रविवारी लेकरांना भेटायला यावे. तिला तेवढे दिवस निवांत झोप मिळू दे. ती झोपही आरोग्याच्या पानावरचा विषय आहे.

घर चुडाव्यात नको, असे आमचे मत आहे, आणि यावर आमच्यातच वाद झाला. गावात हाताशी राहील, असे काहींचे म्हणणे. पण जुनी संगत एका हाकेवर असलेल्या ठिकाणी पहिले सहा महिने काढणे अवघड. पूर्णा एका स्टेशनवर आहे, तिथे हमाली, बांधकाम, हॉटेलातले काम मिळते. नांदेडही रेल्वेने जवळ. लेकरांना भेटता येईल इतके जवळ आणि दोस्तांना सहज येता येणार नाही इतके लांब, असे ठिकाण हवे. एका नियमाबाबत आम्ही ऑक्सफर्ड हाऊसच्या थोडे वेगळे जाऊ. प्याला त्याने त्या रात्री घर सोडायचे हे खरे, नाहीतर बाकीचे चौघे घसरतील. पण त्याला रस्त्यावर न सोडता दोघांनी सोबत जाऊन रुग्णालयात नेऊन सोडायचे, आणि दारू उतरून महिनाभर बरा राहिला तर बैठकीत त्याचा अर्ज पुन्हा घ्यायचा.

येत्या वर्षावासाआधी एक भाड्याचे घर घ्यायचे असे ठरले आहे. पाच खाटा, एक शेगडी, प्रत्येकाला कुलपाची एक पेटी. पहिले तीन महिने भाड्याला महिला मंडळ हातभार लावेल, पुढे राहणारे स्वतः भरतील. रोजगार हमीवर जाणाऱ्यांची मजुरी खात्यात जमा होते, ते सोयीचे पडेल. घराची चावी राहणाऱ्यांकडेच राहील, समितीकडे नाही. पूर्ण्यात ज्यांचे घर रिकामे आहे आणि भाडेकरू कोण आहेत हे ऐकूनही जे दार लावणार नाहीत, त्यांनी चुडाव्याच्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर भेटावे. तोवर ज्यांच्या घरात आजच कोणी थरथरत असेल, त्यांनी वाट पाहू नये. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, दोन्ही फोन मोफत आहेत. फिट आली, भ्रम झाला तर फोन करत बसू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा, आणि डॉक्टरला तो रोज किती पितो आणि शेवटचे कधी प्याला हे खरे सांगा.