आत कोण बसलंय?

अलीकडे एका प्रकारचा लेख वारंवार वाचायला मिळतो. लेखक जग फिरून आलेला असतो. बोधगयेला तो शांत होतो, काशीला गंगेच्या आरतीने भारावतो, अजमेरला चादर चढवतो, वसईच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावतो आणि शेवटी सांगतो की सगळे धर्म एकच. वाचायला बरे वाटते, आम्हालाही वाटते. पण हाच प्रवासी लोणावळ्याला आला की चिक्की घेतो, पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्याखाली भिजतो, कार्ल्याला एकवीरेचे दर्शन घेतो, लेण्यासमोर फोटो काढतो आणि लिहितो, 'येथे अनेक श्रद्धा गुण्यागोविंदाने नांदतात.' आमचे भांडण या एका वाक्याशी आहे.

कारण नांदण्यासाठी आधी दोघांची नावे घ्यावी लागतात. येथे एकाचे नाव घेतले जाते, दुसऱ्याला 'प्राचीन गुहा' म्हणून सोडून दिले जाते. मावळात कोणत्याही लेण्याला 'पांडवांनी एका रात्रीत कोरले' म्हणण्याची सवय आहे. एका रात्रीत म्हटले की कोरणाऱ्याची मजुरीही बुडते आणि नावही!

कार्ल्यात तर नावे भिंतीवर आणि खांबांवर कोरलेली आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या महाचैत्यात ३७ खांब आहेत आणि छताच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. लेणे वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करवले आणि जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह म्हणून ते लेखात नोंदवले. खांब देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, त्यातल्या एकाचे नाव सिहधय. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताने दरवाजाचे दान दिले. सामी नावाच्या सुताराने केलेल्या कामाची वेगळी नोंद आहे. भिक्खुणींची दानेही आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने येथील, म्हणजे तेव्हाच्या वलूरकच्या भिक्खुसंघाला करजिक गाव दिले. आता सांगा, परदेशी, व्यापारी, सुतार, भिक्खुणी आणि राजाचा जावई यांची नावे एकाच डोंगरावर कोरली गेली, हा 'सर्वधर्मसमभाव' कमी पडला म्हणून आमच्या प्रवाशाला गुळगुळीत वाक्य लिहावे लागते का?

आता एकवीरेबद्दल. चैत्याच्या तोंडासमोर डाव्या हाताला सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ उजवीकडे असावा असे अभ्यासक मानतात. आज त्या बाजूला देवीचे मंदिर आहे. पायथ्याचे गाव वेहेरगाव, आणि हे नाव विहारावरून आल्याचे मानले जाते. एवढे सांगितले की आमच्यातले काही तरुण लगेच गरम होतात. गेल्या चैत्रात यात्रेच्या गर्दीत आम्ही पायऱ्या चढत होतो. सोबत आलेला एक पोरगा मोठ्याने म्हणाला, 'हे सगळं आपलंच आहे, हटवलं पाहिजे.' शेजारी डोक्यावर ओटीची टोपली घेतलेली, रायगडकडची एक कोळीण आजी होती. तिने त्याच्याकडे बघितले आणि शांतपणे विचारले, 'बाबा, त्या मोठ्या लेण्यात आत कोण बसलंय? मी दरवर्षी येते, कुणी सांगितलं नाही.'

पोराला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही आधी गडबडलो. मग सांगितले की आत मूर्ती नाही, स्तूप आहे, आणि तो कोरायला तुमच्या-आमच्यासारख्या हात काळे करणाऱ्यांनी दान दिले. आजी आत आली, स्तूपाला हात जोडले आणि निघून गेली. समुद्रावर पोट भरणारी ही बाई आमची शत्रू नाही. तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नाही, याचा जाब तिला विचारायचा की शिकलेल्यांना?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथून जवळच देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मनुस्मृती जाळली त्याला त्या दिवशी बरोबर २७ वर्षे झाली होती. पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्ध आहे हे आपण पुस्तक लिहून सिद्ध करू, असे ते त्या वेळी म्हणाले. 'पुस्तक लिहून' हे दोन शब्द आमच्या घोषणांमध्ये बसत नाहीत, म्हणून गळतात. ब्राह्मी वाचता येणारे आमच्या वस्तीत किती? बुद्धपौर्णिमेला आमच्याही गाड्या येतात, वंदना होते, सेल्फी होतात, दोन तासांत लोणावळा. त्या प्रवाशात आणि आमच्यात मग फरक तो काय राहिला!

कायदाही आमच्या बाजूने थोडा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येत नाही. पण स्वरूप कोणते, हे बोलायला माणूस लागतो. निदान पायथ्यापासून वरपर्यंत मराठीत फलक हवेत: भूतपाल, सिंहदत्त, सामी, सिहधय, भिक्खुणी. मागणीचा अर्ज आम्ही लिहीत आहोत. त्या पोरालाच मसुदा करायला बसवले आहे, आणि तो सध्या सामी सुताराच्या लेखातली अक्षरे वहीत गिरवतो आहे.