चालून वजन उतरतं का?



पर्युषण झालं, पारणी झाली आणि पाऊस ओसरला की आपल्या रत्नागिरीत चालायला जाणाऱ्या बायका एकदम वाढतात. भाट्याच्या किनाऱ्यावर, मांडवीच्या जेटीवर, थिबा पॅलेसच्या रस्त्यावर सकाळी निम्मे चेहरे ओळखीचे भेटतात. हा उत्साह दिवाळीच्या फराळापर्यंत टिकतो, मग एकेक जण दिसेनाशी होते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "दोन महिने चालले गं, काटा जागचा हलला नाही. कशाला झोपमोड करायची?"

मी स्पष्टच सांगते. काटा हलत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून चालणं सोडायचं, हे मला अजिबात पटत नाही. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही आणि तरीही व्यायाम सोडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपली गल्लत होते, कारण चालण्याची मजुरी आपण किलोत मागतो.

आधी साधा हिशोब करू. साठ किलो वजनाची बाई पाऊण तास भराभर चालली, तर घरी बसून राहण्यापेक्षा साधारण १५० कॅलरी जास्त खर्च होतात. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम तूप पोटात गेलं तर १३५ कॅलरी मिळतात. म्हणजे पाऊण तासाची पायपीट आणि भातावरचं एका चमच्याचं तूप, दोन्ही जवळजवळ बरोबरीत सुटतात. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एकही दिवस न चुकवता आणि एक घासही जास्त न खाता चाललं, तर कागदावरच एक किलो उतरायला पन्नास दिवस लागतात. त्यात चालून आल्यावर भूक लागते आणि "आज चालले ना, मग एक करंजी चालेल" असं मन म्हणतं. आता काटा कसा हलणार?

त्यातून आपलं शरीर पक्कं संसारी आहे. महिन्यात एखादा मोठा खर्च निघाला की आपण काय करतो? दुसरीकडे हात आखडतो. शरीरही काहीसं तसंच वागत असावं, असं काही संशोधकांना वाटतं. हर्मन पॉन्टझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास केला. हे लोक आजही शिकार करून, कंद खणून, मध गोळा करून जगतात आणि दिवसभर पायपीट करतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च शहरात बसून काम करणाऱ्या माणसांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. चालण्यावर जास्त खर्च झाला, तर शरीर आतल्या दुसऱ्या कामांत काटकसर करत असावं.

"मग झालं तर! चालून उपयोग काय?" असं म्हणाल. उपयोग दुसरीकडे आहे, आणि तो फार मोठा आहे.

चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना काहीच विशेष सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज चालायला आणि खाण्यात बदल करायला सांगितलं होतं, त्यांच्यात हेच प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. आणि मैत्रिणींनो, या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं! काटा तिथल्या तिथे आणि तरी इतक्या जणांचा मधुमेह टळला किंवा लांबला. त्यांनी दोन महिन्यांनी काट्याकडे बघून चालणं सोडलं असतं तर?

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. दोघांनी स्वतःचीच तपासणी करून घेतली होती. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यातलं एक कारण त्यांनीच गमतीने सांगितलं आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत आत शिरणं. जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं, तेही कारण असू शकेल, असंही याज्ञिकांनी नोंदवलं आहे. आपल्यासारख्या दिसायला बारीक पण पोटाशी चरबी साठवणाऱ्या भारतीयांना यातून एवढंच शिकायचं, की काटा आपल्याला अर्धीच गोष्ट सांगतो. चरबी किती आणि स्नायू किती, हे साध्या काट्याला कळत नाही.

खरं तर व्यायामाचा वजनाशी जोडलेला हा संबंध आपल्याकडे अलीकडचा. लोकमान्य टिळक आपल्या रत्नागिरीचे, जन्म १८५६ चा. तब्येत नाजूक होती म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून कुस्ती, पोहणं आणि तालमीत घालवलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. त्यांना किलो कमी करायचे नव्हते, अंगात ताकद आणायची होती. आपली आजी मुलांना "जोर काढ, अंगात बळ येईल" म्हणायची, तेव्हा तिच्याही मनात तेच असायचं. व्यायाम बळासाठी, हे जुनं गणित सरळ होतं.

मग वजन उतरतं कुठून? ताटातून. इथे आपल्याला बाहेर जायची गरजच नाही. मध्यंतरी घराघरांत दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता, आठवतो ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. हा विचार मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, हेही ते सांगतात. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. भांडण सगळं ताटावरून होतं. व्यायाम सोडा असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. दीक्षितांच्या सल्ल्यात तर ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं आहेच.

हे दोन वेळचं जेवण ऐकून आपल्या घरातल्या सासूबाई हसल्या असतील. "अगं, हे तर आपलं बियासणं!" अगदी तसंच नाही, पण साम्य आहे खरं. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यात अनशनाच्या लगेच पुढे अवमौदर्य येतं, ज्याला आपण उणोदरी म्हणतो, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. शिवाय द्रव्यांची मर्यादा आहे, विगई त्याग आहे, चोविहार आहे. अठ्ठाई करणारीचं आपण वाजतगाजत कौतुक करतो, आणि ते करावंच. पण रोज दोन घास कमी खाऊन उठणारीकडे कोणाचं लक्ष जात नाही. मला तर उणोदरी उपवासापेक्षा अवघड वाटते. समोर गरम पोळी आहे, तूप आहे, भूक थोडी शिल्लक आहे, आणि तरी उठायचं!

आता एक नाजूक गोष्ट. "या वेळी अठ्ठाईत चार किलो उतरवणार" असं वाक्य हल्ली ऐकू येतं. ते ऐकून मला वाईट वाटतं. तप निर्जरेसाठी आहे. त्याला डाएटचं रूप दिलं की तपही हातून जातं आणि वजनही टिकत नाही. आठ दिवसांत उतरलेल्या किलोंमध्ये पाणी बरंच असतं, काही स्नायूही झिजलेले असतात, आणि पारण्यानंतर काटा पुन्हा वर सरकतो. शेतकरी भात पेरतो तो तांदळासाठी, पेंढा त्याला आपोआप मिळतो. उणोदरीचं तसंच समजा. भाव संयमाचा ठेवा, शरीराचा फायदा पेंढ्यासारखा मागून येईल. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणि ताटाबद्दल बोलतेच आहे तर आपल्या स्वयंपाकघरातलं एक गुपितही सांगते. अन्न उष्टं टाकायचं नाही, ताट धुऊन प्यायचं, हा आपला फार सुंदर संस्कार. पण बहुतेक घरांत तो पाळायची जबाबदारी कोणावर येते? मुलाने अर्धी टाकलेली पोळी, कढईतली वाटीभर भाजी, रात्री ठेवायचं नाही म्हणून सूर्यास्ताआधी संपवायचा भात, हे सगळं घरातल्या बाईच्या पोटात जातं. ती चार वाजता उठून चालून येते आणि दिवसभर सगळ्यांचं उरलेलं संपवते. वर तिलाच ऐकवतात, "एवढं चालतेस तरी उतरत का नाही?" संस्कार मोडायची गरज नाही. मापाने रांधायचं, ताटात आधी कमी वाढायचं, आणि ज्याचं ताट त्यानेच धुऊन प्यायचं. मुलांनी आणि त्यांच्या बाबांनीसुद्धा!

इतकं करून वजन उतरलं, तर ते टिकवायला मात्र चालणं हवंच. अमेरिकेत १९९४ पासून, वजन उतरवून ते टिकवणाऱ्या लोकांची नोंद ठेवली जाते. त्यातले बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. ताट वजन उतरवतं आणि पाय ते परत चढू देत नाहीत, असं माझं सूत्र.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चालण्याइतका व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही. हा दुसरा भाग आपण बायका हमखास विसरतो. त्यासाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, भिंतीला हात लावून जोर काढा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचला. पावसाळ्यात चार महिने आपल्याकडे बाहेर पडणं कठीण, आणि ओल्या गवतावर पाय ठेवणं जीवदयेच्या दृष्टीने नकोसंच. तेव्हा इमारतीचा जिना आहे, घरातला व्हरांडा आहे. चोविहार करणाऱ्यांची तर सोयच आहे, सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की चालायला संध्याकाळ मोकळी.

स्नायूंना प्रथिनं लागतात, म्हणून जिममध्ये कोणी अंडं सुचवलं तर घाबरून जाऊ नका. आपल्या डब्यात मूग, तूर, चणे आहेत, कोकणातले कुळीथ आहेत, दूध, पनीर आहे. मोड आलेली कडधान्यं आपल्यातल्या बऱ्याच घरांत चालत नाहीत, पण नुसती भिजवून शिजवली तरी प्रथिनं मिळतातच. फक्त भाताच्या डोंगरावर चमचाभर वरण असं न करता, वरणाची वाटी मोठी आणि भाताची मूद छोटी करा.

आणि मोजायचंच असेल तर माप बदला. ४८ मिनिटांचं सामायिक झाल्यावर जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का? खमासमणं देताना गुडघे कुरकुरतात का? देरासरच्या पायऱ्या चढून धाप लागते का? तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट काय म्हणतो? कमरेचा घेर किती? पालिताण्याला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. साठाव्या वर्षी डोलीत न बसता त्या चढून आदिनाथ दादांचं दर्शन घ्यायचं असेल, तर त्याची तयारी चाळिशीतच या भाट्याच्या वाळूवर करावी लागते. तो दिवस येईल तेव्हा आपलं वजन किती होतं, हे कोणी विचारणार नाही.

तेव्हा चालणं सोडलेल्या मैत्रिणींनो, शूज पुन्हा बाहेर काढा. काटा हवा तर कपाटाखाली सरकवून द्या.

जय जिनेन्द्र.