वाळूचं सोनं

जुन्या जपानी मोटारसायकली जमवणाऱ्यांच्या पंगतीत मानाचं पान कुणाचं, हे कधीचंच ठरून गेलंय: १९६९ची होंडा सीबी ७५०, आणि तीही ‘सँडकास्ट’, म्हणजे पहिल्या सात हजार चारशे-साडेचारशे गाड्यांतली. कावासाकी झेड-१ तीन वर्षांनी आली, म्हणून तिला दुसरी पंगत.

पूर्वपक्ष असा, की वाट होंडाने पाडली. कबूल! ऑक्टोबर १९६८मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात आडवं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, बटण-स्टार्ट आणि ६७ अश्वशक्ती हे सगळं एकाच गाडीत दिसलं, आणि ब्रिटिश कारखानदारांचं धाबं दणाणलं. माझं भांडण आहे ते ‘सँडकास्ट’ गाड्यांच्या खरबरीत क्रँककेसशी. बोट फिरवलं तर झिजलेल्या पॉलिश पेपरसारखी लागते. एवढ्या खरबरीतपणासाठी लोक पुढच्या सालातल्या गाडीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. गंमत अशी, की नाव ‘सँडकास्ट’ असलं तरी या केस वाळूत ओतलेल्याच नाहीत. साचा धातूचाच होता. वाळूचा नुसता भास. गाडी किती खपेल याचा होंडाला अंदाज नव्हता, म्हणून महागडे डाय करण्याआधीची ही सोय. मागणी वाढली, सोय गेली. त्या तडजोडीची आता आरती! त्यात या गाड्यांची चेन तुटली की केसच फुटायची. (संग्राहक चालवत नाहीत म्हणून निभावतं.)

आता झेड-१. कावासाकीचीही ७५० सीसीची, चार सिलिंडरची गाडी तयार होत होती. होंडाने बाजी मारल्यावर तीच घाईने बाजारात न ढकलता कावासाकीने आराखडा पुन्हा हाती घेतला. १९७२मध्ये उतरली ती ९०३ सीसीची, दोन ओव्हरहेड कॅमची, ८२ अश्वशक्तीची. याला उशीर म्हणायचं? होंडाचं खंडन मी कशाला करू, ते कावासाकीने लोखंडात करून ठेवलंय. मार्च १९७३मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर चोवीस तास सरासरी ताशी १०९.६४ मैलांनी ती धावली.

भरधाव वळणात तिची फ्रेम डुलते, हे खरंच. पण इंजिन? रोलर बेअरिंगवरचा तो क्रँक ड्रॅग रेसवाल्यांनी वर्षानुवर्षं पिळला, तरी दाद देईना. आणि अलीकडे तर कावासाकीनेच तिचं सिलिंडर हेड नव्याने ओतून विकायला काढलं.

झेड-१ घ्यायला जाल तेव्हा इंजिनाचा रंग बघा. पहिल्या गाड्यांची इंजिनं काळी, १९७४पासून उघड्या ॲल्युमिनियमची. फिनांच्या कडांवरचा काळा रंग उडालेला दिसला तर नाक मुरडू नका. नवाकोरा चकचकीत दिसला, तर मात्र इंजिन खरंच पहिल्या गाड्यांतलं आहे ना हे बघायला त्याच्या नंबरातला ‘झेड-१-ई’पुढचा आकडा आधी वाचून घ्या. तो फ्रेमच्या नंबराशी जुळत नाही म्हणून घासाघीस करू नका. कारखान्यातूनही सहसा जुळत नसे.