निवडीचा देखावा

आमच्या एका अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांनी परवा बोलता बोलता आम्हांस असे बजावले की, आजच्या ग्राहकाइतका स्वतंत्र मनुष्य पूर्वी कधी झालाच नाही. त्याच्या आजोबास खानावळीतील ताट पुढे येईल तेवढेच ठाऊक. नातवापुढे मात्र बर्गर, पिझ्झा, तळलेली कोंबडी आणि नाना तऱ्हेची पेये हात जोडून उभी आहेत. हा सिद्धांत त्यांनी सांगितला तो एका मोठ्या साखळी-उपहारगृहाच्या शाखेत बसून. पुढ्यात थंड कॉफी होती, आणि तीत साखर फार झाली म्हणून ते कुरकुरत होते. साखर कमी घालून द्या, असे त्यांनी काउंटरवरील मुलास सांगून पाहिले. तो मुलगा सभ्य होता. परंतु मिश्रण तयार होऊनच येते, साखर आधीच पडलेली असते, तेव्हा त्याचा निरुपाय होता. स्नेह्यांनी ती गोड कॉफी संपविली व ग्राहकाच्या सार्वभौमत्वावरील आपले विवेचन पुढे चालू ठेवले.

या धंद्याचा जन्मच मुळी निवड कमी करण्यातून झाला आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी मॅक्डॉनल्ड आडनावाच्या दोघा भावांचे उपहारगृह चांगले चालत होते. १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवून निराळ्या पद्धतीने पुन्हा उघडले. पूर्वी सुमारे २५ पदार्थ मिळत, ते ९ वर आणले. सुरी-काट्याने खावे लागेल असे सर्व काही काढून टाकले. चिनी मातीची भांडी गेली, कागद आला. सर्व जिन्नस करू जाणणारा आचारी गेला, आणि त्याच्या जागी एकेकच काम करणारी माणसे ओळीने उभी राहिली: एकाने भाजावे, दुसऱ्याने पावात घालावे, तिसऱ्याने बटाटे तळावे. बर्गर १५ सेंटला मिळू लागला व गिऱ्हाइकांची रीघ लागली. त्या भावांस आम्ही दोष देत नाही. साध्या मिळकतीच्या कुटुंबास मुलाबाळांसह बाहेर खाणे परवडू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय त्यांचा व्यवहार उघड होता: पदार्थ थोडे, म्हणून स्वस्त. पुढे रे क्रॉक यांनी १९६१ साली त्यांचा धंदा विकत घेऊन जगभर पसरविला. पदार्थांची यादी हळूहळू पुन्हा लांबली, जाहिरातींतून 'निवडी'चा घोष होऊ लागला. आचारी मात्र परत आला नाही.

आमच्या मते सगळी मेख येथेच आहे. निवड म्हणजे फळ्यावरील नावांची मोजदाद नव्हे. 'आज तिखट बेताचे असू द्या' असे आपण म्हणावे आणि ते ऐकून हात आखडण्याचा अधिकार ज्याला आहे असा मनुष्य चुलीपाशी असावा, याचे नाव निवड. साखळी-उपहारगृहात असा मनुष्य नसतो. बटाट्याचे काप कारखान्यात चिरून, अर्धवट तळून व गोठवून येतात. तेलाची उष्णता आणि तळण्याची वेळ यंत्र ठरविते. कापांसाठी बटाट्याचे वाणही ठरलेले, कारण काप लांब व एका रंगाचा निघाला पाहिजे. म्हणजे आपण जिभेवर जी निवड गमावली, तीच शेतकऱ्याने शेतात आधी गमावलेली असते. अमेरिकेत १९६८ साली मॅक्डॉनल्ड कंपनी गोमांसाचा खिमा सुमारे १७५ स्थानिक पुरवठादारांकडून घेत असे; थोड्याच वर्षांत ही संख्या ५ वर आली. सर्वत्र एकच चव हवी म्हटल्यावर १७५ खाटीक परवडत नाहीत.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे या कंपन्या १९९५-९६ च्या सुमारास आल्या, त्या वेळी त्यांचे जे स्वागत झाले ते केवळ परदेशी वस्तूच्या मोहाने झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे फरशी स्वच्छ होती. दर लिहिलेले होते. एकटी मुलगी तासभर पुस्तक वाचीत बसली तरी तिच्याकडे कोणी टक लावून पाहत नव्हते. आणि मुख्य म्हणजे, जात कोणी विचारीत नव्हते. 'ब्राह्मणांचे उपहारगृह' अशा पाट्या ज्या शहरांतून एके काळी राजरोस लागत होत्या, त्या शहरांतील आम्हां मंडळींनी जुन्या खानावळीविषयी गहिवर काढताना थोडे जपूनच बोलावे. परंतु प्रश्न असा की, या गुणांसाठी आचाऱ्याचा बळी देणे अवश्य होते काय? मुंबईच्या इराण्याने संगमरवरी मेजाभोवती गिरणीकामगार, वकील आणि बेकार कवी यांना एकत्र बसवून दाखविले, व त्यासाठी त्याला दूरदेशीच्या मुख्य कचेरीचा हुकूम लागला नाही. धोबी तलावावरील बस्तानी २००४ साली बंद झाले. जे इराणी उरले आहेत ते बोटांवर मोजण्याजोगे.

यावर ठरलेले उत्तर असे की, लोकांनीच पाठ फिरविली, त्याला कोण काय करणार? हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. चौकातील मोक्याच्या जागेचे भाडे वाढले म्हणजे एकट्या चालकास एक वाईट वर्षही जड जाते. ज्याच्या शंभर शाखा आहेत तो एखादी शाखा तोट्यातही जाहिरात म्हणून चालवू शकतो. लोक निवडतात हे खरे. पण भाड्याच्या चाळणीतून जे खाली उरले त्यांतूनच निवडतात. घरपोच जेवणाच्या व्यवसायात तर ही चाळणी आणखी बारीक झाली. देशातील हा व्यवहार मुख्यतः झोमॅटो व स्विगी या दोनच कंपन्यांच्या हाती आहे. उपहारगृहचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली त्यांच्याविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि २०२२ च्या एप्रिलात आयोगाने चौकशीचा आदेश दिला. मोबाइलच्या पडद्यावर मात्र ग्राहकास उपहारगृहांची रांगच रांग दिसते. त्या रांगेतील फासोस, बेहरूझ बिर्याणी आणि ओव्हन स्टोरी ही तीन नावे घ्या. बिर्याणीस इराणी थाट, पिझ्झ्यास भट्टीची गोष्ट, पोळीच्या गुंडाळीस तरुणाईचा डौल. तिन्ही नावे पुण्यात उदय पावलेल्या एकाच कंपनीची आहेत, आणि पुष्कळदा तिन्ही पदार्थ एकाच स्वयंपाकघरातून निघतात. आम्हांस जुन्या नाटक मंडळ्यांची आठवण होते. तेथेही एकच नट तीन भूमिका करी, परंतु तिकिटाचे पैसे तो तीन मंडळ्यांच्या नावाने घेत नसे.

हे सारे परकीयांचे कारस्थान आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही सोडावी. आमचा वडापाव पूर्णपणे घरचा. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो जन्मला, असे सामान्यतः मानतात. मग मराठी मुलुखात एकेका गाडीगणिक तो पालटत गेला: कोठे लसणाची सुकी चटणी, कोठे हिरवी, कोठे वड्यात आल्याचा झणका, कोठे नुसताच चुरा मागण्याची चाल. जंबोकिंग २००१ साली आणि गोली वडा पाव २००४ साली निघाले, आणि या पदार्थासही साखळीचे नियम लागू झाले. गोलीचे वडे यंत्रावर होतात, गोठवून शाखांकडे जातात, आणि तेथे नुसते तळले जातात. ते वाईट असतात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्ही खाल्ले आहेत. परंतु त्या वड्याशी भांडता येत नाही. कोल्हापूरच्या मिसळीचा कट बरा की नाशिकचा काळा रस्सा, पुण्याच्या मिसळीत पोहे असावेत की नसावेत, यावर आमच्या पिढीने कित्येक रात्री जागविल्या. मिसळीची एक प्रत ठरली की वादास विषयच उरणार नाही. आणि ज्या पदार्थाविषयी कोणी वाद घालीत नाही, तो पदार्थ लोक केवळ गिळतात.

शेवटी एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आमच्या महाविद्यालयाचे कँटीन एक गृहस्थ व त्यांची पत्नी तेवीस वर्षे चालवीत होते. उसळ कधी खारट होई, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी दहा वाजताच संपे, आणि हिशेबाची वही तर पाहण्यासारखीच होती. पण परीक्षेच्या दिवसांत न जेवता आलेले मूल त्या बाईंना चेहऱ्यावरून कळे, आणि पैसे 'मागाहून' देण्याची सोय होती. तीन वर्षांपूर्वी एका साखळी कंपनीने अधिक भाडे देऊ केले. ठराव समितीपुढे आला, तेव्हा आम्ही समितीवर होतो. स्वच्छतेचे प्रमाणपत्र, छापील दरपत्रक, यंत्रातून निघणारी पावती हे सर्व आम्हांस फार व्यवस्थित वाटले, आणि आम्ही सही केली. आज तेथे चौदा पदार्थ मिळतात. पूर्वी सहाच मिळत. उसळ त्या चौदांत नाही, आणि ती का नाही हे विचारावे असा कोणी मनुष्य तेथे नाही. काउंटरवरील मुले दर दोन महिन्यांनी बदलतात व ती सर्व एकच वाक्य बोलतात.

कराराची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. समितीवर आम्ही अजून आहोत. त्या दांपत्याचा पत्ता आम्ही शोधून काढला आहे. ती दोघे आता मुलाकडे राहतात, आणि पुन्हा येतील किंवा नाही हे त्यांनी अद्याप कळविलेले नाही. भाडे कमी मिळेल, हे आम्ही प्राचार्यांस आधीच लिहून दिले आहे.